ओली शेणी

आमच्या घरात आता गॅस आहे. नातसून कट्ट्यापाशी उभी राहून टकटक करते, निळा जाळ होतो, आणि ती माझ्याकडं बघते, म्हातारी काही बोलतेय का म्हणून. एरवी मी बोलत नाही. पण परवा शेजारची एक बाई काडेपेटी मागायला आली, तर हिनं आतूनच सांगितलं, "नाहीये हो आमच्याकडं." होती. फडताळात दोन पडल्या होत्या. मी त्यावरून इतकी भांडले की नातवाला वाटलं आजीचं डोकं फिरलं. डोकं ठिकाणावर आहे माझं. विस्तव मागितला तर नाही म्हणायचं नसतं, एवढंच मला सांगायचं होतं. पण ते सांगायला फार मागं जावं लागतं, आणि तेवढं ऐकायला इथं कुणाला वेळ नाही. म्हणून लिहून ठेवते.

लढाई चालू असताना माझं लग्न झालं. इस्लामपूरच्या खालच्या अंगाला, कृष्णेकाठचं गाव, चहूकडं ऊस. लग्नानंतर दोन महिन्यांत आमचे मालक पलटणीत गेले. आमच्याकडं घरटी एक जण गेलेलाच असायचा, त्यामुळं त्याचं कुणाला विशेष नव्हतं. मी राहिले सासूच्या हाताखाली. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. बाई कष्टाची, पण चिक्कू. रॉकेल कंट्रोलचं, काडेपेटी तर मिळायचीच नाही, आणि मिळाली तर एका काडीच्या उभ्या दोन चिरफळ्या करायच्या. रात्रभर राखेखाली शेणी धुमसत ठेवणं म्हणजे आत्याबाईंना उधळपट्टी वाटायची. म्हणायच्या, "निजल्यावर कुनाला इस्तू पायजे? सकाळच्याला मागून आन की." म्हणजे आणायचा कुणी? मी.

आळीत सात घरं. शेवटचं, चिंचेजवळचं, गुरुजींचं. शाळेतून निवृत्त झालेले, मूलबाळ नाही, नवरा-बायको दोघंच. आमच्या आळीत ब्राह्मणाचं घर ते एकच. त्यांच्या बायकोला सगळी आळी काकू म्हणायची. काकू निजताना चुलीतल्या राखेत एक शेणी अशी पुरायच्या, की पहाटे राख सारली की आत लालभडक निखारा. त्या निखाऱ्यावर आळीच्या सगळ्या चुली पेटायच्या.

पहाटे थंडीत कुडकुडत, पदराखाली शेणी धरून, मी त्यांच्या मागच्या दारात उभी राहायची. आत जायचं नाही. "काकू, इस्तू द्या," म्हणायचं. मग काकूंची तपासणी सुरू. शेणीला त्या गोवरी म्हणायच्या. "गोवरी ओली आणलीस परत. ही काय धरणारे? सासूनं शिकवलं नाही का काही?" शेणी मुळीच ओली नसायची. मग चिमट्यानं निखारा उचलायच्या आणि वीतभर उंचीवरून माझ्या शेणीवर सोडायच्या. शिवायचं नाही, सोवळं. दोनदा निखारा उडून माझ्या मनगटाला चटका बसला, एक डाग अजून आहे. त्या वरून सोडण्याचा मला भयंकर राग यायचा. देताय ना विस्तव, मग हाताला हात लागला तर काय आकाश कोसळणार होतं? हे सगळं मनात. तोंडानं म्हणायचं, "येते काकू." अशी चार वर्षं काढली मी.

गुरुजींची तऱ्हा वेगळी. मला तेव्हा अक्षरओळख नव्हती. मालकांचं पत्र आलं की मी ओट्याखाली बसायची आणि गुरुजी ओट्यावरून वाचून दाखवायचे. उत्तरही तेच लिहायचे. मी सांगायची, "लिवा, चार म्हैनं झालं पत्तर न्हाई, जित्ता हाईस का मेलास?" गुरुजी लिहायचे, 'आपली खुशाली कळवावी.' मी म्हणायची, "एवढंच व्हय? मी तर लय बोलले की." तर म्हणायचे, "अगं, त्याचाच अर्थ आहे तो." चिडचिड व्हायची नुसती. पण पत्र लांबलं की पोस्टाच्या माणसाला माझ्याआधी तेच विचारायचे, हेही खरं.

विस्तवाचे नियम आत्याबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. मागायला आलेला वैरी असला तरी नाही म्हणायचं नाही. शेणी ज्याची त्यानं आणायची. आणि न मागता कुणाच्या दारात विस्तव न्यायचा नाही, कारण न मागता दारात येणारा विस्तव एकच, मढ्याच्या पुढं मडक्यातनं चालतो तो. मी मान हलवली. नव्या सुनेला दुसरं काय करता येतं? पुढं या नियमांनीच आमचा जीव खाल्ला.

लढाई संपली. स्वराज्य आलं. मालक काही आले नाहीत, पलटण काश्मिरात गेली. त्याच थंडीत बातमी आली की दिल्लीला प्रार्थनेला निघालेल्या त्या म्हाताऱ्या माणसाला गोळ्या घालून मारलं. गुरुजी ओट्यावर बसून पंच्यानं डोळे पुसत होते, ते मी स्वतः पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरात कुणी जेवलं नाही. पण मारणारा कुठल्या जातीचा ते सगळीकडं कळलं, आणि त्यानंतर कोण रडलं, कोण उपाशी राहिलं, हे कुणी विचारेना.

आणखी एक दिवस गेला. दुपारची वेळ. गडीमाणसं गुऱ्हाळावर, आत्याबाई रानात, घरात मी एकटी. दारात एक माणूस आला. ओळखीचा नव्हता. म्हणाला, "वैनी, जरा इस्तू द्या. बिडी पेटवायची हाय." शेणी त्यानं स्वतःच आणली होती. बिडी पेटवायला अख्खी शेणी कशाला लागते, हे कुणालाही कळलं असतं. मला कळलं नाही. मला एवढंच दिसलं, की माणूस रीतीचा आहे, आपली शेणी घेऊन आलाय, आणि शेणी चांगली वाळलेली आहे. मी चुलीतला निखारा काढून तिच्यावर ठेवला. "फुका जरा," असंही सांगितलं वर. इतकी मी शहाणी.

थोड्या वेळानं आळीत कालवा ऐकू आला. बाहेर आले तर तीस-चाळीस माणसं चिंचेकडं पळत होती आणि गुरुजींच्या घराच्या वळचणीतून धूर निघत होता. त्यांच्यात तो शेणीवाला होता. मी आत आले, दार लावलं, कडी घातली आणि त्या कडीला धरून उभी राहिले. आळीतली सहाच्या सहा दारं लागली होती, हे नंतर कळलं. त्यानं मला बरं वाटायला हवं होतं काय? अजिबात वाटलं नाही.

घर संध्याकाळपर्यंत जळलं. कौलं फुटत होती, त्याचा आवाज येत होता. गुरुजी आणि काकू मागच्या दारानं निसटले होते. परसात त्यांचा गोठा होता, सुटा, तेवढा वाचला. त्यात बसून होते दोघं. गुऱ्हाळावरची गडीमाणसं परतली आणि पारावर बोलणं सुरू झालं. "बाहीरची हुती गड्या, आमी काय करनार?" बाहेरची होती हे खरं. पण सात घरांतलं जाळायचं घर कोणतं, हे त्या बाहेरच्यांना कुणी दाखवलं? ते कुणी बोलत नव्हतं. आणि विस्तव कुणी दिला, ते तर मी एकटीच जाणत होते. मी कुणाला सांगितलं नाही. रागानं भांडी आदळत होते, आणि आत्याबाईंना वाटत होतं मालकांची आठवण येतेय.

आता पुढं जे झालं ते ऐकून कुणीही कपाळाला हात लावेल. आळीला लाज वाटत नव्हती असं नाही. झुंजूमुंजू असताना, कुणी बघायच्या आत, गोठ्याच्या दारात शिधा येऊन पडायला लागला. तांदूळ, डाळ, मीठ, गूळ, दोन पातेली, एक घोंगडं. प्रत्येक घरातनं काही ना काही आलं. फक्त विस्तव आला नाही. कारण काय, तर काकूंनी मागितला नाही. त्या मागणार नव्हत्या. जन्मभर सहा घरांना विस्तव दिलेली बाई, ती कडी लावलेल्या दारांपुढं शेणी घेऊन उभी राहील काय? आणि न मागता न्यायची आळीची छाती नव्हती. मी आत्याबाईंना म्हटलं, "मी नेऊन देते की खापरीतनं." तर त्या अंगावर आल्या. "म्हाताऱ्याला ताप हाय आन् तू न मागता इस्तू नेतीस? मढं उचलायचंय व्हय तुला?"

गुरुजींना खरोखरच ताप होता. पहिल्या रात्री गारठ्यात बसले तेव्हापासून अंग भाजत होतं. गरम पेज पोटात गेली असती तर बरं वाटलं असतं, पण पेजेला चूल लागते. मी पहिल्याच दिवशी ज्वारीची गरम भाकरी आणि दूध घेऊन गेले होते. काकू म्हणाल्या, "ठेव तिथं." दुसऱ्या दिवशी बघते तर भाकरीला मुंग्या. दूध तेवढं घेतलं होतं, तेही नासायला आल्यावर. आमच्या हातचं शिजवलेलं चालत नव्हतं. घर गेलं, भांडीकुंडी गेली, नवरा तापानं फणफणलाय, आणि सोवळं शाबूत. पाण्यात भिजवलेले तांदूळ गुळाशी खात होत्या. मला इतका संताप आला की तिथंच दोन शब्द सुनावावेत असं वाटलं. पण मी कोणत्या तोंडानं सुनावणार होते?

आमच्या घरात त्या तीन दिवसांत आणखी एक नवल झालं. आत्याबाईंनी रात्री चुलीत शेणी पुरायला सुरुवात केली. मागायला जायला आता दार नव्हतं ना. चार वर्षं जी उधळपट्टी वाटत होती ती एका दिवसात जमली, आणि शेजारच्या पाचही घरांना जमली. म्हणजे सगळ्यांना येत होतं. मग मी काय चार वर्षं मनगट भाजून घ्यायला जात होते?

तिसऱ्या दिवशी कळलं की सांगलीहून काकूंच्या भाच्याचा निरोप आलाय, निघून या. सांगलीत तरी कुठं सुख होतं? तिथंही घरं जळलीच होती. पण निरोप आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची बैलगाडी ठरली. पारावरच्या मंडळींनी सुस्कारा टाकला, चला, सुटलो. कुणी म्हणेना की जाऊ नका. गुरुजींना मान धरवत नव्हती. पोटात तीन दिवस गरम थेंब नाही, त्यात थंडीची दिवसभराची वाट. गाडी सांगलीला पोचेल, पण गुरुजी पोचतील का, हे सगळ्यांना कळत होतं. कळत होतं आणि सगळे शिधा मोजून गाठोड्यात बांधायला मदत करत होते.

चौथ्या सकाळी मी उठले. चुलीपुढं बसले. राख सारली, आत विस्तव छान जगला होता. तोही मूळचा काकूंचाच, आणि त्याच चुलीतला मी त्या माणसाला दिलेला. गुरुजींच्या खोकल्याचा आवाज आळीतून येत होता. गाडीच्या बैलांच्या घुंगरांचाही येत होता. मला काय झालं सांगता येत नाही. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि चुलीत ओतला.

भरल्या घरात, नवरा लढाईवर असताना, चूल पाण्यानं विझवायची, याच्याइतकं वाईट आमच्यात काही नाही. आत्याबाई आवाजानं धावत आल्या. वाफ बघितली, माझ्या हातातला तांब्या बघितला. मला वाटलं आता झिंज्या धरतात. मी म्हटलं, "आत्याबाई, आपल्यात इस्तू न्हाई. मागाय जायाला पायजे."

बाहेर गुरुजी खोकले, तशी त्यांनी मान तिकडं वळवली. मग बाहेर गेल्या, उकिरड्याजवळच्या ढिगातली एक शेणी आणली आणि माझ्या हातात कोंबली. "मग हुबी का? जा, माग."

मी गोठ्यापाशी गेले. गाडी दारात लागलेली, गाडीवान जुंपलेल्या बैलांपुढं पेंड टाकत होता. गुरुजी घोंगड्यात. काकू गाठोड्यावर बसल्या होत्या, लुगडं काजळीनं माखलेलं. मी नेहमीच्या जागेवर, म्हणजे दाराबाहेर, उभी राहिले आणि नेहमीसारखं म्हटलं, "काकू, इस्तू द्या."

त्यांना वाटलं मी टिंगल करतेय. "कुठला देऊ?" म्हणाल्या. "बघतेस ना?"

"ते मला सांगू नगा. आमची चूल इझलीया. रोज देता तसा द्या."

"चूल विझायला काय झालं?"

"इझवली. पानी वतलं."

काकू उठल्या. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, चार वर्षांत पहिल्यांदाच बहुतेक. मग जळक्या घराकडं चालायला लागल्या. मी मागोमाग. कौलांचे तुकडे, राख, मध्ये काळी पडलेली भांडी. स्वैपाकघर होतं तिथं मोठी तुळई आडवी पडली होती. काकूंनी कुठून तरी चिमटा शोधून काढला. तो वाकला होता. तुळईचा कोळसा त्यांनी फोडला, आणखी फोडला, तर आत, लाकडाच्या पोटात, लाल. तीन दिवस झाले तरी जिवंत होता, पण घर खाल्लेल्या त्या आगीवर स्वतःसाठी चूल पेटवावी असं काकूंना वाटलंच नसावं. चिमट्यात निखारा धरून त्या माझ्याकडं वळल्या. "गोवरी कर पुढं."

मी केली नाही. म्हटलं, "असा नगं. पेटल्या चुलीतनं इस्तू देत्यात. आदी तुमची पेटवा."

"अगं, गाडी उभी आहे."

"ऱ्हाऊ दे हुबी. मला चुलीतला पायजे."

त्या चिडल्या. "हट्टी आहेस अगदी," म्हणाल्या. पण मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही हा नियम त्यांनाही मोडता येत नव्हता. गोठ्याच्या कोपऱ्यात तीन दगड मांडले, निखारा ठेवला, चिपाडं लावली, वाकून फुंकलं. जाळ झाला. जाळ झाल्यावर रिकामा कशाला घालवायचा, म्हणून सवयीनं त्यांचा हात गाठोड्याकडं गेला. तांदूळ पातेल्यात पडले. मी बाहेर उभी. पेजेला उकळी आली तसा वास सुटला आणि गुरुजींनी डोळे उघडले. वाटीभर पेज त्यांनी घोट घोट घेतली, मग आणखी वाटीभर. मग कूस बदलून झोपले. खोकला थांबला होता.

काकू चिमटा घेऊन माझ्याकडं आल्या. मी शेणी पुढं धरली. त्यांनी निखारा वीतभर उंचीवरून सोडला. एवढं सगळं होऊन वरूनच. मला हसू यावं का रडू, कळेना. आता "येते काकू" म्हणून निघायचं होतं. पाय उचलेना.

"काकू," मी म्हटलं, "त्या मान्साला इस्तू मीच दिला. दारात येऊन मागितला. बिडीला म्हनाला. मी दिला."

चुलीत चिपाड तडकलं. काकूंच्या हातात चिमटा तसाच. मग विचारलं, "त्या दिवशी पहाटे तू विस्तव कुठून नेला होतास?"

"तुमच्याकडनं."

"मग तो माझाच होता," काकू म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, "मागितल्यावर काय करणार होतीस? मीसुद्धा दिला असता. बिडीला म्हणाला असता तर मीसुद्धा." आणि मग तीन दिवसांत पहिल्यांदा त्या रडल्या. मीही रडले. मध्ये दाराचा उंबरा होता, त्या आत आणि मी बाहेर, आणि दोघींपैकी कुणी तो ओलांडला नाही.

माझ्या शेणीवरचा निखारा एवढ्यात काळा पडायला लागला होता. काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि वाकून बघितलं.

"गोवरी ओली आणलीस परत," म्हणाल्या. या खेपेला ती खरोखरच ओली होती, आत्याबाईंनी घाईत ढिगातली वरची उचललेली, दवानं भिजलेली. काकूंनी चुलीतनं दुसरा निखारा आणला आणि पहिल्याच्या शेजारी ठेवला. मग दारातल्या गाडीकडं एकदा आणि झोपलेल्या गुरुजींकडं एकदा बघितलं.

"उद्या येताना वाळलेली आण," म्हणाल्या.

मी गाडीवानाला सांगितलं, बैल सोड.